काचेबाहेरचा तळहात

हल्ली आमच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक किराण्याची आणि दुसरी पायाची. पायाची गिऱ्हाइकं आधी उगाच पाव किलो साखर घेतात, बरण्यांकडे बघत उभी राहतात आणि मग हळूच विचारतात, "काकू, ते ऑक्सिजनच्या मशीनमध्ये ठेवलं होतं ते तुम्हालाच का?" मी हो म्हणते, चप्पल काढते आणि उजवा पाय पुढे करते. कोणाच्या भावाचा पाय ट्रॅक्टरखाली गेलेला असतो, कोणाच्या बापाचा हात मळणी यंत्रात. डॉक्टरांनी त्या मशीनचं नाव काढलेलं असतं आणि घरातल्यांची झोप उडालेली असते. आत गुदमरतं का? दुखतं का? मधेच बाहेर यायचं म्हटलं तर येता येतं का?

दर वेळी काउंटरवर उभी राहून सगळं सांगायला लागले की मागे रांग लागते आणि मालक, म्हणजे आमचे यजमान, कुरकुरतात. म्हणून एकदाच लिहून काढते आहे. जखम भरते का, ते डॉक्टरांना विचारा. मी आत पडून काय पाहिलं तेवढं सांगते.

टँकर

लातूरला रेल्वेने पाणी आलं ते साल. सगळ्या देशाने ती रेल्वे टीव्हीवर पाहिली. आमच्या उदगीरलाही रेल्वे येते, पण तिच्यात माणसं असतात. पाणी टँकरनेच यायचं. तो कधी येईल याचा नेम नसे. आला की सगळी गल्ली ड्रम आणि पाइप घेऊन धावायची.

त्या दिवशी गाव बंद होतं. उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून. आमच्या गावाला हे वेड फार जुनं आहे. लातूर स्वतः नवा जिल्हा झाला तेव्हापासून आम्ही रांगेत उभे आहोत. माझे मालक शिवराजअप्पा या कामात पहिल्यापासून पुढे. दुकानात वजनमापात त्यांचं लक्ष लागत नाही, पण जिल्ह्याचं निवेदन द्यायचं म्हटलं की इस्त्रीचा शर्ट घालून तयार. सकाळीच ते लातूर रोडवर रास्ता रोकोला जाऊन बसले होते.

दुकान अर्ध्या शटरवर होतं. टँकरचा हॉर्न ऐकून मी धावले. आमचा ड्रम मागच्या बाजूला होता, तो सरकवायला वाकले आणि त्याच वेळी ड्रायव्हरने गाडी मागे घेतली. बायका ओरडल्या. मागचं चाक माझ्या उजव्या पावलावर चढलं आणि उतरलं.

खरं सांगते, त्या क्षणी दुखलं नाही. मी चप्पल कुठे गेली ते शोधत होते. मग पायाकडे पाहिलं. पायमोजा उतरवावा तशी कातडी खाली आली होती.

उदगीरच्या दवाखान्यात पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं आणि लातूरला न्या म्हणाले. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर मला आडवं केलं. गावाबाहेर जीप अडवली. "पेशंट हाय, सोडा," असं शेजारी सांगत होते, तर एक गृहस्थ खात्री करायला खिडकीतून डोकावले. हातात भला मोठा फलक, कपाळाला विभूती, घसा बसलेला. ते माझेच मालक.

त्यांनी मला पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि फलकासकट जीपमध्ये चढले. माझा पाय लोंबकळत होता म्हणून तो फलक खाली फळीसारखा धरला. 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' यावर पाय ठेवून मी लातूर गाठलं. त्या आंदोलनाचा प्रत्यक्ष उपयोग झालेली बहुधा मी एकटीच.

लातूर

पहिलं ऑपरेशन लातूरला झालं. हॉस्पिटलात नळावर कागद चिकटवलेले होते, पाणी जपून वापरा. नातेवाइकांनी आपलं पाणी आपण आणायचं. मालक कॅन खांद्यावर घेऊन जिना चढायचे.

दुसऱ्या दिवशी अव्वा आल्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर भालकीचं, कानडी मुलूख, म्हणून घरात आई नाही, अव्वा. वय सत्तरच्या पुढे, अंगाने काडी, बोलण्याने मिरची. आमचं तीस वर्षांचं नातं एवढंच की भाजीत मीठ कमी आहे असं त्यांनी म्हणायचं आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचं. भांडण असं कधी नव्हतं. फार मायाही नव्हती.

आल्या आल्या त्यांनी माझ्या पायाकडे नाही, गळ्याकडे पाहिलं. गळा मोकळा. त्यांचा चेहरा उतरला. मी उजवा हात वर करून दाखवला. मनगटाला गॉजमध्ये गुंडाळून इष्टलिंग बांधलेलं होतं. लातूरच्या थिएटरमधल्या सिस्टरला यात नवं काही नव्हतं. तिकडे निम्मे पेशंट आमच्यातले.

हे जरा सांगायला हवं. आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याला इष्टलिंग बांधतात आणि ते त्याच्याबरोबरच मातीत जातं. मधल्या काळात अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, म्हणजे मुख्य काम टक लावून बघायचं. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही, आपलं दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. ते हरवलं तर सापडेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, असं जुनी माणसं मानतात. मी काही फार सोवळी नाही. घाईच्या दिवशी माझी पूजा दूध उतू जायच्या आत उरकलेली असते. पण गळ्यात ते असतंच. नसलं की मान हलकी लागते.

पट्टी सोडायचा दिवस आला. डॉक्टर एरवी गप्पा मारायचे, त्या दिवशी पट्टी सुटत गेली तसे गप्प होत गेले. मला वास आला. आपल्याच अंगाचा तसा वास येणं, त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. धाकटी दोन बोटं काळी पडली होती आणि टाचेवरची कातडी जांभळी.

डॉक्टर स्टुलावर बसले. म्हणाले, दोन बोटं जातीलच, ती धरू नका. प्रश्न टाचेचा आहे. तिथे रक्त पोचत नाही. टाच मेली तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. नांदेडला एक मशीन आहे, त्यात दाबाखाली ऑक्सिजन देतात, रक्तातून तो जास्त जातो, अर्धमेली कातडी कधी कधी तग धरते. खात्री नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर गेलो असतो.

मालक म्हणाले, "उदगीर जिल्हा झाला असता तर अशी मशीन आपल्याकडं..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

मला भीती वाटली ती मरणाची नाही. बसून राहण्याची. दुकान म्हणजे पाय. वरच्या फळीवरचा शेवयांचा डबा, कोपऱ्यातलं तेल, शटर. मालक जिल्ह्याच्या मागे आणि मी खुर्चीवर, येणाऱ्या प्रत्येकाला 'तो डबा तूच काढून घे बाबा' म्हणते आहे, हेच डोळ्यांपुढे येत होतं. त्या रात्री मी तोंडावर पदर घेऊन रडले. अव्वा जाग्या होत्या.

नळी

आम्ही नांदेडला गेलो. मशीन म्हणजे आडवी ठेवलेली पारदर्शक नळी. सगळे काच म्हणतात, काच नसते, पण मीही काचच म्हणणार. फळीवर आपल्याला झोपवतात, फळी आत सरकवतात, डोक्याकडून दार लावतात. मग सगळीकडून फुस्स आवाज येतो, गरम होतं आणि कान दडतात. बाहेर येताना उलट, थंडी वाजते. एवढंच. सुई नाही, चिरफाड नाही.

मशीन सांभाळायला नसरीन होती, देगलूरची, माझ्या मुलीच्या वयाची. तिने समजावलं, "काकू, आत हवा दाबतात, बस. विमानात होतात तसे कान बंद होतील."

मी म्हटलं, मी विमानात बसलेले नाही.

"मग घाटात एसटीत होतात तसे. थुंकी गिळायची, न्हाई जमलं तर नाक धरून फुंकायचं. लई दुखलं तर हात वर करा, मी दाब थांबवते."

नियम मात्र तिने हसत हसत सांगितले नाहीत. ऑक्सिजन इतका भरलेला असतो की आत ठिणगी पडली तर संपलं. म्हणून धातू नाही, मोबाइल नाही, नायलॉनचं काही नाही. सुती गाऊन, तो त्यांचाच. टिकली नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही. तेल तर बिलकुल नाही. केसांना तेल लावून आलेल्या एका बाईला तिने माझ्यादेखत परत पाठवलं.

बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्र काढून मालकांच्या खिशात दिलं. अव्वा बघत होत्या. मग नसरीनने माझ्या गळ्याकडे बोट केलं, "आणि हे?"

लिंगाची डबी चांदीची, म्हणून ती नाही. डबीतून काढून नुसतं लिंग? ते दगडाचं असतं, पण वर काळा गुळगुळीत लेप असतो. नसरीनने आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर बाहेर आले, लेप कशाचा असतो म्हणाले. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहायला लागलो. जन्मभर गळ्यात घालतो, पण कशाचा आहे ते कोणाला माहीत? डॉक्टर म्हणाले, माहीत नाही म्हणजे आत नाही.

मी ते काढलं. सुती रुमालात गुंडाळून मशीनशेजारच्या टेबलावर ठेवलं.

"टेबलावर?" अव्वा म्हणाल्या. "औषधाच्या बाटल्यांत?"

मला त्यांचं ऐकायला वेळ नव्हता. फळी आत सरकली होती.

हात वर

पहिल्या दिवशी मी फार लवकर हात वर केला. कान दुखले म्हणून नाही. दार लागलं, बाहेरचा आवाज बंद झाला आणि मला वाटलं, हे असंच असणार. मातीत. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, मी तर आडवी होते, पण वाटलं ते वाटलं. मी काचेवर मुठी मारल्या. नसरीन आतल्या स्पीकरवर सांगत होती, काकू, सबुरीनं, दाब एकदम सोडता येत नाही, हळूहळू काढते. बाहेर आले तेव्हा गाऊन घामाने पिळून निघाला असता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिने भिंतीवरचा टीव्ही लावून दिला, लक्ष तिकडे राहील म्हणून. तर त्यावर लातूरची पाण्याची रेल्वे. मला तहान लागली आणि तहान लागली की गुदमरायला होतं. पुन्हा हात वर. पुढेही तसंच. एकदाही पुरा वेळ झाला नाही.

तिकडे अव्वांनी वेगळं काढलं होतं. सकाळी उठल्यापासून माझ्या गळ्यात लिंग परत चढेपर्यंत त्या अन्नाला शिवायच्या नाहीत. मला आत जाण्याआधी खाऊन घ्यायला सांगितलेलं, म्हणून मी इडली खायची आणि त्या समोर उपाशी. रक्तदाबाच्या गोळ्याही उपाशीपोटी. एकदा जिन्यात त्यांना घेरी आली. मालक माझ्यावर चिडले, मी अव्वांवर चिडले, अव्वा कोणावर चिडल्या नाहीत, त्या नुसत्या उपाशी राहिल्या. कोणाचं बरोबर होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण खोलीत आम्ही तिघं तीन भिंतींकडे तोंड करून बसायचो.

मग डॉक्टरांनी पट्टी बदलताना टाच पाहिली आणि सरळ सांगितलं. अर्धवट बसून उपयोग नाही. औषध अर्धं गिळून अर्धं थुंकल्यासारखं आहे ते. या आठवड्यात पुरा वेळ राहिलात तर ठीक, नाहीतर मला लातूरला कळवावं लागेल, आणि मग वाट बघण्यात अर्थ नाही.

कळवावं लागेल म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळलं.

अंबाडा

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा फणी घेऊन माझ्या मागे बसल्या. तीस वर्षांत त्यांनी माझ्या केसांना हात लावला नव्हता. कोरडेच केस विंचरले, घट्ट अंबाडा बांधला, वर सुती चिंधीची गाठ मारली. मला बरं वाटलं. वाटलं, चला, राग गेला.

टेबलावर रुमाल ठेवला तो मी नाही, त्यांनीच ठेवला. नसरीनने विचारलं, पिना काढल्या का? अव्वा म्हणाल्या, हाव, काढल्या.

मी फळीवर आडवी झाले आणि डोक्याखाली काहीतरी टोचलं. गोल, टणक, आवळ्याएवढं. मला ताबडतोब कळलं ते काय आहे. ते मी जन्मापासून ओळखते.

फळी सरकायला लागली. माझ्या मनात आलं, असू दे. कोणाला कळणार आहे? बरोबर असलं तर कदाचित आज मी घाबरणार नाही. आणि सांगितलं तर अव्वांचं या सगळ्यांपुढे काय होईल? हे एवढं सगळं त्या एका सरकण्यात मनात येऊन गेलं. मग तेलाची बाई आठवली.

"थांबव," मी म्हटलं. "माझ्या केसात बघ."

नसरीनने फळी बाहेर ओढली. चिंधी सोडली, केस बाजूला केले आणि ती पांढरी पडली. पण तिने हात लावला नाही. दार उघडून अव्वांना आत बोलावलं. "आजी, मी हे धरत न्हाई. तुमचं तुम्हीच काढा."

अव्वांनी ते काढलं.

"आजी," नसरीन म्हणाली, आवाज चढवला नाही तिने, "आत पेटलं तर दार उघडायला वेळच मिळत न्हाई. काकू आत आणि मी बाहेरून बघत राहणार. बस, एवढंच असतं माझ्या हातात."

त्या दिवशीची बैठक रद्द झाली. डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. पुन्हा असं झालं तर मशीन बंद, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. अव्वा व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. मला वाटलं, मी सांगून टाकलं म्हणून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. दुपारी मालकांनी चाकाची खुर्ची ढकलत मला त्यांच्यापाशी नेलं. त्या माझ्याकडे बघेनात.

मग म्हणाल्या, "माझ्या हातानं जळाली असतीस गं."

तेव्हा कळलं की त्या रागावलेल्या नव्हत्याच.

स्वामी

मालकांनी उदगीरला आमच्या स्वामींना फोन लावला. हेच स्वामी आमच्या घरी लिंगधारणेला येतात, त्यांचा शब्द अव्वांना शेवटचा. मालकांनी फोन मोठ्या आवाजात ठेवला आणि पहिला प्रश्न लेपाचाच विचारला.

स्वामी म्हणाले, घराण्यागणिक वेगळा. काजळ, तूप, राख, बिब्ब्याचं तेल.

"जळतं का ते?"

"तेल हाय म्हटल्यावर जळंलच की," स्वामी म्हणाले. मग त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "नजरेसमोर ठेवा. नजर सुटली न्हाई म्हणजे लिंग सुटलं न्हाई."

फोन ठेवला आणि नवाच पेच उभा राहिला. आडवं पडल्यावर मला टेबल दिसत नव्हतं. म्हणजे कोणीतरी काचेजवळ, माझ्या तोंडासमोर ते धरून बसायला हवं. मालक म्हणाले मी धरतो. त्यांचा हात तराजू धरतानाही एका जागी राहत नाही, आणि फोन वाजला की ते उठणारच.

"मी धरते," अव्वा म्हणाल्या.

दुसऱ्याचं लिंग तळहातावर घ्यायचं, आणि तेही अव्वांनी? माझ्या लग्नात माझ्या लिंगाचा शिवदोरा सुटला होता तेव्हा 'हात लावू नका कोणी' म्हणून सगळा मांडव थांबवणारी बाई ही.

मालक म्हणाले, "अव्वा, हे स्वामींना विचारून घेऊ का?"

"कशाला विचारतूस?" अव्वा म्हणाल्या. "न्हाई म्हणले तर?"

पुरा वेळ

नसरीनने डॉक्टरांची परवानगी काढली आणि काचेजवळ, माझ्या डोळ्यांच्या रेषेत स्टूल ठेवलं. टीव्ही बंद केला. अव्वांनी हात धुतले, भांडंभर पाण्यात, दुष्काळातलं धुणं ते. मग माझं लिंग डबीतून काढून स्वतःच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात काचेला जवळजवळ टेकवला.

दार लागलं. फुस्स सुरू झालं. गरम व्हायला लागलं. माझा हात वर जायला निघाला.

काचेपलीकडे तो हात होता. सुरकुतलेला, विळीने कापल्याची जुनी खूण असलेला, मधोमध काळं लिंग. मी त्याकडे बघायला लागले. कान दडले, थुंकी गिळली. पुन्हा दडले, नाक धरून फुंकलं. हात तिथेच. किती वेळ गेला ते कळायची सोय आत नसते, आणि मी विचारलंही नाही. मधेच अव्वांचं मनगट कापायला लागलं. त्यांनी उजव्या हाताने डावं कोपर सावरलं. नसरीनने मागून उशी आणून कोपराखाली दिली, लिंगाला न शिवता, अलगद. बाजूला उभे असलेले मालक चक्क बसले आणि त्यांचा फोन वाजला तो त्यांनी घेतला नाही.

थंडी वाजायला लागली तेव्हा मला कळलं की दाब उतरतो आहे. म्हणजे झालं.

बाहेर आले. अव्वांनी आधी लिंग माझ्या गळ्यात घातलं, मग विचारलं, "इडली हाय का शिल्लक?" थंडगार इडल्या त्यांनी पाण्याबरोबर गिळल्या आणि त्यात मीठ कमी आहे असं सांगितलं.

त्यानंतर मी एकदाही हात वर केला नाही. अव्वाही रोज पोटभर जेवून येऊ लागल्या. उपाशी हात कापतो, म्हणाल्या, जेवलेला कमी कापतो. हा शोध त्यांचा त्यांनीच लावला.

रक्त

एके दिवशी पट्टी बदलताना डॉक्टरांनी टाच चिमट्याने खरवडली आणि भळकन रक्त आलं. मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर डॉक्टर हसत होते. रक्त आलं म्हणजे तिथे रक्त पोचतं आहे, म्हणाले. खाली लालबुंद मांस दिसत होतं. माझं स्वतःचं मांस बघून मला आनंद झाला, हे लिहायला विचित्र वाटतं, पण झाला. मालक व्हरांड्यात जाऊन रडून आले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

दोन बोटं गेली. टाचेवर मांडीची कातडी लावली, ती धरली. पाय राहिला.

हेही सांगते. माझ्या पाठोपाठ उमरीचे एक गृहस्थ आत जायचे, ट्रॅक्टर पलटून पाय चिरडलेला. ते कधीच घाबरले नाहीत, सगळ्या बैठका पुऱ्या केल्या. त्यांचा पाय गेला. जाताना ते माझ्या खोलीत निरोप घ्यायला आले. मशीन मशीनच आहे. तिच्यात नुसतं धीराने पडून राहिल्याने सगळ्यांचं भलं होतं असं कोणाला सांगू नका. पण पडून राहावं लागतं, तेवढं खरं.

दुकान

उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. मालक अजून जातात. तो फलक मात्र त्यांनी परत नेला नाही. मागच्या खोलीत तेलाच्या डब्यांखाली घातला आहे. त्यावर डाग आहे.

मी थोडी लंगडते. पावसाळ्यात टाच ठणकते. शेवयांचा डबा स्वतः काढते, शटर स्वतः ओढते.

गेल्या महिन्यात सकाळी आम्ही दोघी पूजेला बसलो होतो, अव्वा त्यांच्या, मी माझ्या. मी विचारलं, इतक्या वर्षांनी प्रथमच, की अव्वा, नांदेडला माझं लिंग तुम्ही हातावर घेतलंत, त्याचं काही वाटलं नाही का तुम्हाला?

त्यांनी विभूतीची बोटं पदराला पुसली. "हात माझा होता," त्या म्हणाल्या. "बघत तर तूच होतीस न्हाई का? मग पूजा तुझीच झाली."

मी हो म्हणाले.

खरं म्हणजे मी लिंगाकडे फार थोडा वेळ पाहत असे. बाकी सगळा वेळ मी त्या हाताकडे बघत होते. तो खाली येतो का, एवढंच. तो खाली आला नाही. हे मी अव्वांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, त्यांच्या हिशेबाने ते पाप होईल. त्यांना कानडी अक्षरं येतात, मराठी येत नाहीत, म्हणून इथे लिहायचं धाडस केलं. पायाच्या कामासाठी दुकानात जरूर या, सगळं विचारा. फक्त आत खाटेवर त्या बसलेल्या असतील, तेव्हा हे मोठ्याने वाचू नका.